सात म्हण

१७ फेब्रुवारी १९७९, शनिवार. सकाळी आठ वाजता मी भुईगावच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात सुकेळी मांडत होते.

पिकलेली राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवली की सुकेळी होतात. काम अवघड नाही, पण कटकटीचं. सकाळी उंच मांडवावर चटया अंथरून केळी ओळीने मांडायची, दुपारी उलटायची, संध्याकाळी दंव पडायच्या आत गोळा करून केळीच्या सुक्या पानांखाली झाकायची. आणि दिवसभर कावळे हाकलायचे. एरवी हे काम सासूबाईंचं. त्या दिवशी ते मी मागून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या भावाचं लग्न होतं. आम्हा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी लग्नं उरकायची पद्धत, त्यामुळे त्या पंधरवड्यात गावात रोज कुठे ना कुठे मांडव होता. आमच्या घरचे सगळेच जाऊबाईंच्या माहेरी मदतीला निघाले होते. अडचण एकच होती, जाऊबाईंची साडेचार वर्षांची मुलगी. तिला तीन दिवस सर्दी, खोकला, ताप होता. त्या महिन्यात ती साथच होती. माणिकपूरच्या ज्या शाळेत मी शिकवायचे, तिथे माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होती.

"हिला घेऊन गर्दीत कशी जाऊ?" जाऊबाई म्हणाल्या. "मीच ऱ्हाते."

"तुमच्या सख्ख्या भावाचं लग्न आणि तुम्ही राहता?" मी म्हणाले. "रोज चाळीस पोरं सांभाळते मी. एक नाही सांभाळवणार?"

जाऊबाईंनी तीनदा बजावलं. औषध कधी, पेज किती, ताप चढला तर शेजारच्या काकूंना हाक मार. मी हो हो म्हटलं. मी थांबते याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. सासूबाई तर म्हणाल्या, "टीचर असली तरी मनाने चांगली हाय."

खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. लग्नघरी पंचवीस बायका कांदे चिरत बसणार, एकमेकींची टिंगल करणार, आणि त्यातलं मला अर्धंही कळणार नव्हतं. ते टाळायला मी थांबले होते.

हे थोडं उलगडून सांगायला हवं. माझं माहेर माणिकपूरचं. आम्हीही इथलेच ख्रिस्ती, पण वडील शिक्षक. घरात बोली बोललेली त्यांना खपायची नाही. "पुस्तकात आहे तसं बोला," हा त्यांचा नियम. लग्न होऊन मी भुईगावला आले तेव्हा सासरची बोली माझ्या कानाला परकी होती. भरभर बोलायला लागले की शब्द कुठे तुटतो तेच कळायचं नाही. त्यातून त्यांच्या बोलीत 'स'चा 'ह' होतो. सात म्हणायचं तर ते हात म्हणतात. सासरी येऊन मला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत माणूस परक्या मुलखाची भाषाही शिकतो. मी शिकले नाही, कारण मला ती शिकण्याजोगी भाषा वाटत नव्हती. माझ्याशी घरातले सगळे सावकाश, शाळेतल्यासारखं मराठी बोलायचे, 'ण'च्या जागी 'न' घालून. मला ते रास्तच वाटायचं. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी एक विनोद नेहमी सांगायचे: "आमच्या घरी प्रत्येकाला दोनच हात असतात, पण मोजायला गेलं की सहानंतर आणखी एक येतो." सगळे हसायचे. मीही.

जूनपासून ही मुलगी माझ्याच शाळेच्या बालवर्गात यायची होती. म्हणून दोन महिने मी तिला आकडे शिकवत होते. सहानंतर ती "हात" म्हणायची आणि मी म्हणायचे, "सात म्हण." ती हसून पुन्हा "हात" म्हणायची. तो आमचा खेळ होता, असं मला वाटे.

नऊ वाजता घर रिकामं झालं. दहाला मुलीने दोन घास पेज खाल्ली. अकराला अंग चांगलंच तापलं, तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं औषध मी पाजलं. घरात एकटी ठेवण्यापेक्षा डोळ्यांसमोर असावी म्हणून चिकूखाली सावलीत खाट टाकून तिला तिथे बसवलं आणि मी सुकेळी उलटायला लागले. कुंपणापलीकडे शेजारच्या काकू विहिरीवर कपडे धूत होत्या. मी कावळ्यांना "चला, निघा इथून" म्हणत होते ते ऐकून त्या ओरडल्या, "टीचर, कावळे आपले गावठी हायेत. तुमचं शुद्ध मराठी त्यांना कळत नाय!"

मी हसले नाही.

मुलगी किरकिर करत होती. तिला गुंतवावं म्हणून मी म्हटलं, "चल, मोज. या ओळीत किती आहेत?"

तिने मोजायला सुरुवात केली. आवाज बसलेला होता. एक, दोन, तीन. सहापर्यंत आली आणि थांबली. डाव्या हाताने उजवा हात धरून तिने मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"काकी, हात नाय," ती म्हणाली.

"सात म्हण," मी म्हणाले.

"हात नाय."

"नाही कसं? हे काय सातवं." मी सातवं सुकेळं उचलून दाखवलं. "स. सात."

"हात नाय, काकी," असं म्हणून ती रडायला लागली.

मला वाटलं, तापाने हट्टी झाली आहे. समजूत काढायला मी तेच सुकेळं तिच्यापुढे धरलं. तिने डावा हात पुढे केला. "उजव्या हाताने घे," मी म्हणाले. तेही शिकवत होतेच. तिने घेतलं नाही, तेव्हा मी स्वतः तिचा उजवा हात उचलून त्यात सुकेळं ठेवलं. ते खाली मातीत पडलं. "सांडू नये," मी म्हणाले, सुकेळं झटकलं आणि कोंबड्यांना टाकलं. त्या वेळी चर्चची बाराची घंटा होत होती. त्यामुळे वेळ मला पक्की माहीत होती. पुढे काय झालं ते वाचताना हे लक्षात ठेवावं.

त्यानंतर ती बडबडू लागली. आधी थांबत थांबत, मग सलग. एकही शब्द मला कळेना. खरं तर तिच्या बोलीतले रोजचे दहा-वीस शब्द मला माहीत होते, पाणी, भात, आय, झोप. त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. पण ती बोलत होती, मध्येच आवाज चढवत होती, मध्येच विचारल्यासारखं करत होती. मला वाटलं, माझ्यावर रागावली आहे आणि आपल्या भाषेत मला शिव्या देते आहे. मला थोडी गंमतही वाटली.

काकूंनी विहिरीवरून विचारलं, "पोर काय बोलते गं?"

अंतर बरंच होतं. त्यांना नीट ऐकू जात नव्हतं. मी म्हणू शकले असते, काकू, जरा इकडे या, मला कळत नाही. एवढं वाक्य. पण मग संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं असतं. पाच वर्षं झाली, आणि टीचरबाईंना साडेचार वर्षांच्या पोरीचं बोलणं कळत नाही. विनोद सांगणारी मी होते. माझ्यावर कुणी सांगितलेला मला चालणार नव्हता.

"गोष्ट सांगतेय," मी म्हणाले.

"सांगू दे," काकू म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

दोन वाजता तिला उलटी झाली. पेज पचली नसेल, असं मी धरलं. तोंड पुसलं, फ्रॉक बदलला, आत नेऊन निजवलं. ती लगेच झोपली. कपाळ आधीपेक्षा गार लागलं. झोप लागली म्हणजे ताप उतरतो आहे, हे कुणीही सांगेल. मी निवांत होऊन पुन्हा सुकेळ्यांकडे गेले. चारला चहा केला. ती जागी होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. नजर एका बाजूला लागली होती. पुन्हा तेच बोलणं सुरू झालं, आता आणखी हळू. मी "हो हो" म्हणत राहिले. न कळणाऱ्या बोलण्याला हो म्हणायची मला त्या घरात सवयच होती.

पाचला सासूबाई अचानक आल्या. नातीची काळजी वाटून नाही. मी सुकेळी वेळेत झाकीन असा त्यांना भरवसा नव्हता. त्यांनी ते तोंडावर सांगितलंही. "दंव पडेल आनि तू पेपर तपासत बसशील." मग आत येऊन त्या नातीजवळ वाकल्या. त्यांच्या बोलीत तिला काहीतरी विचारलं. मुलगी बोलली. सासूबाईंनी पुन्हा विचारलं. कान तिच्या तोंडाशी नेला.

"ही काय बोलते?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्याच भाषेत बोलतेय, आई."

सासूबाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"ही आमची भाषा नाय," त्या म्हणाल्या. "ही कोनाचीच भाषा नाय."

पुढचं त्यांनीच केलं. मुलीला चादरीत गुंडाळलं, रस्त्यावर गेल्या, केळी भरायला आलेला शेजाऱ्यांचा टेम्पो थांबवला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "केळी उतरव. पोर न्यायची हाय." त्याने अर्धा भरलेला टेम्पो रस्त्याच्या कडेला रिकामा केला. सासूबाईंनी शेजारच्या घरातल्या एकाला सायकलवरून जाऊबाईंकडे पाठवलं. वाटेत मुलीला झटका आला आणि तिची शुद्ध गेली. सासूबाई तिचं डोकं धरून मोठमोठ्याने 'नमो मारिया' म्हणत होत्या. मी पाय धरून बसले होते. माझ्या तोंडातून प्रार्थनासुद्धा निघाली नाही.

इस्पितळातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मान वाकवून पाहिली. मग दोन्ही हात वर उचलून सोडले. डावा हात सावकाश खाली आला. उजवा धप्पकन पडला.

मला त्या क्षणी कळलं. हात नाय. तिने सातचा हात केला नव्हता. ती मला सांगत होती की तिचा हात गेला. चांगलं तीनदा सांगत होती, स्वच्छ शब्दांत, आणि मी तिचे उच्चार सुधारत होते.

सासूबाईंनी तिच्या बोलण्याचं सांगितलं. "असं बोलणं कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच वाजल्यापासून," मी म्हणाले.

"आणि हात?"

"माहीत नाही."

त्यांनी कागदावर पाच लिहिलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या की नाही, मला ठाऊक नाही. मी वर पाहिलंच नाही.

तासाभराने जाऊबाई आल्या. अंगावर लग्नघरातलीच साडी, कांद्याचा वास, केसांत अबोली. डॉक्टरांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. साथीचा साधा फ्लू आहे, सगळ्यांना होतो तो. पण लहान मुलांत क्वचित एखाद्याच्या मेंदूपर्यंत त्याचा त्रास पोचतो, मेंदूला सूज येते. का, आणि हिलाच का, ते सांगता येत नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं आहे. ही रात्र जाऊ द्या, मग बघू.

 जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

"शुद्ध जायच्या आधी काय बोलत होती ती?"

"तुम्हाला बोलावत होती, वहिनी," मी म्हणाले. "आय, आय म्हणत होती."

त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. एका दिवसात इतकं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि हे शेवटचं तर बोलताना मला जडही गेलं नाही.

मुलगी वाचली, हे इथेच सांगून टाकते. वाचणाऱ्याला टांगून ठेवण्यात अर्थ नाही. अकरा दिवसांनी ती डोळे उघडून ओळखू लागली. बोलणं यायला पावसाळा उजाडला. शाळेत दोन वर्षं उशिरा गेली. आज ती चौदा वर्षांची आहे, डाव्या हाताने लिहिते, उजव्याने फार तर वही दाबून धरते. गणितात बरी आहे. घाईत बोलायला लागली की अडते. तिला त्या दिवसातलं काही आठवत नाही. इतरांना ते बरं वाटतं. मला वाटत नाही. आठवत असतं तर तिने मला विचारलं तरी असतं.

ते पाच तास वाचले असते तर हात वाचला असता का, हे मी पुढे दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाले, कदाचित. दुसरे म्हणाले, त्या आजारात काही सांगता येत नाही. दोघांनीही मला बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. उपवासकाळात मी फादरकडे पापनिवेदनही केलं. ते सोपं गेलं. जाळीपलीकडे जाऊबाई नव्हत्या. पण त्यांच्यापुढची कबुली त्याच्या आधीच झाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्या रात्री मला घरी पाठवलं होतं. रविवारी उजाडल्यावर मी मागच्या अंगणात गेले. मांडवावर सुकेळी तशीच पडलेली होती. आदल्या संध्याकाळी कुणालाच त्यांचं भान राहिलं नव्हतं. दंवाने ती चिकट, काळपट झाली होती. अशी सुकेळी दोन दिवसांत बुरशी धरतात. मी ती सगळी टोपलीत भरली, केळीच्या बुंध्यांशी नेऊन ओतली, चटया धुवून कुंपणावर टाकल्या. पहिल्या मिस्साची घंटा झाली. लोक चर्चकडे निघाले होते. मी उलट्या दिशेने चालत गेले आणि इस्पितळाची एसटी पकडली.

डॉक्टर वॉर्डातच होते. मी त्यांना सांगितलं, "काल मी वेळ चुकीची सांगितली. बोलणं बारा वाजता बिघडलं. हातही तेव्हाच गेला. मुलीने मला सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागद काढला, पाच खोडलं आणि बारा लिहिलं. "हे कालच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जाऊबाई बाहेर नळावर मुलीची दुपटी धूत होत्या. लग्न तिकडे त्यांच्याविना लागत होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"वहिनी, ती आय म्हणत नव्हती. मी खोटं बोलले."

"मग काय म्हणत होती?"

"तिचा उजवा हात गेला होता, ते सांगत होती. बारा वाजता. मला कळलं नाही."

"तिला तर बोलता येतं चांगलं," जाऊबाई म्हणाल्या. "कळलं कसं नाय? ती काय बोलली ते सांग. तुझ्या मराठीत नको. तिचंच सांग."

मी पाच वर्षांत त्या बोलीतलं एक वाक्य तोंडातून काढलं नव्हतं.

"काकी, हात नाय," मी म्हणाले.

"आनि तू काय बोललीस?"

"सात म्हण."

नळ चालूच होता. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. त्यांनी मला शिवी दिली, त्यांच्या बोलीत, आणि ती मात्र मला पूर्ण कळली. नंतर त्या तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिल्या. आतून नर्सने हाक मारली तेव्हा उठल्या, हातातलं पिळलेलं-न पिळलेलं दुपटं माझ्या अंगावर टाकलं आणि आत गेल्या.

मी ते पुन्हा धुतलं. बादलीत आणखी चार होती. तीही धुतली, मागच्या कंपाउंडच्या तारेवर वाळत घातली, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वाळेपर्यंत तिथेच उभी राहिले.